मेसमधली हर्रासी

१४ जुलै, रविवार, दुपारच्या जेवणानंतर. एकूण जमा ८१,४५० रुपये. हजर : आमच्या मेसमधले आम्ही पंचवीस जण, शेजारच्या मेसमधले पाच, आणि शेवटी शेवटी दारात येऊन उभे राहिलेले एक अधिकारी. विकलेला माल : पांढऱ्या गणवेशाचे तीन जोड, इंजिनखोलीत घालायचे दोन निळे डगले, टोपी, बूट, रबरी चपला, बादली, बुटाचा ब्रश, अर्धी वापरलेली साबणाची वडी. ज्याचा माल होता तो त्याआधी सोळा दिवस बंदराबाहेरच्या रस्त्यावर सायकलवरून येताना ट्रकखाली गेला होता.

आकडा आधीच लिहून टाकला, कारण ह्याच आकड्यावरून भोकर तालुक्यातल्या एका गावात माझ्याबद्दल अजूनही बोललं जातं. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्या बाईसाठी हे सगळं झालं तिला अजून त्याच भागात राहायचं आहे.

मी मूळचा चाकूर तालुक्यातला, आता लातूरला घर आहे. युद्धनौकांवर भांडार सांभाळण्यात माझी तेवीस वर्षं गेली. कांदे, बटाटे, दोरखंड, रंगाचे डबे, बल्ब, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. आमच्याकडे लग्नात पंगतीला बसलं की शेजारचा माणूस हटकून म्हणतो, "तुमचं काय बुवा, जहाजावर मज्जा. फुकटची दारू अन् फुकटचं फिरणं." पूर्वी मी समजावून सांगायचो. आता जेवतो आणि उठतो. ह्या लोकांना काही ऐकायचं नसतं, त्यांना फक्त आपण ज्वारी काढून मेलो आणि दुसरा कुणी मजा मारून आला एवढंच म्हणायचं असतं.

मेस म्हणजे खानावळ नव्हे. जहाजावर खलाशी जिथं झोपतात, कपडे बदलतात, पत्ते खेळतात त्या लोखंडी खोलीला मेस म्हणतात. माझ्या लातूरच्या घराचा हॉल आणि स्वयंपाकघर मिळून जेवढी जागा होते तेवढ्यात सव्वीस माणसं. एकावर एक तीन बंक. मधल्या बंकवरचा माणूस कुशीवर वळला की त्याचा खांदा वरच्याच्या तळाला लागतो. सामान ठेवायला एक कप्पा, त्यात वर्षभराचा संसार. समुद्रावर असताना गोडं पाणी सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. तोंडाला साबण लावलेला असताना नळ गेला तर टॉवेलने पुसून कामावर जायचं. चार तास पहारा, मग आठ तास मोकळे असं कागदावर असतं. त्या आठ तासांत गंज खरवडणं, रंग देणं, लाद्या पुसणं, आगीची कवायत. जे उरेल त्यात झोप. पावसाळ्यात समुद्र खवळला की ताट एका हातानं आणि खांब दुसऱ्या हातानं धरून जेवायचं, आणि जेवलेलं पोटात राहील याची खात्री नाही. ही ती मजा.

भोकरकडचा तो मुलगा आमच्या मेसमध्ये आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मुलगा म्हणतो, पण लग्न झालेलं होतं. इंजिनखोलीत होता. खाली इंजिनं चालू असताना इतकं गरम होतं की माणूस पहारा संपवून वर आला की डगला पिळून पाणी निघतं. कितीही घासलं तरी अंगाचा डिझेलचा वास जात नाही. मेसमध्ये मराठवाड्याचे आम्ही दोघंच. आमच्या मेसचा प्रमुख हरियाणाचा, उंचापुरा, मोठ्या आवाजाचा. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं हे त्याला कुठून तरी कळलेलं. रोज सकाळी नळ सुटला की तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "लातूरवाले को आख़िर में दो, इसको आदत है." मी वर्षभर हसून सोडत होतो. ह्या मुलानं आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याला ऐकवलं, "साब, हमारे यहाँ पानी नहीं है, इसीलिए तो पानी में आए." सगळी मेस हसली, प्रमुखही हसला. तेव्हापासून मला नळावर नंबर मिळायला लागला.

तो मला दादा म्हणायचा. घरून त्याच्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यायची. धपाटे दोन दिवसांत संपायचे, चटणी आम्ही बंदर सोडल्यावर पुरवून पुरवून खायचो. बायको बारावी झालेली होती. तिला नांदेडला नर्सिंगला घालायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. जहाज किनाऱ्याजवळ आलं की मागच्या डेकच्या एका कोपऱ्यात आधी फोनला रेंज येते. पंधरा-वीस जण तिथं रेटारेटी करून घरी फोन लावतात. प्रत्येकाचं सगळ्यांना ऐकू येतं, कुणाला लाज उरत नाही. त्याच कोपऱ्यात उभं राहून त्यानं तिचा प्रवेशाचा अर्ज फोनवरून भरला. दोनदा रेंज गेली, दोनदा पहिल्यापासून भरला. मला म्हणाला, "दादा, घरी अजून सांगितलं न्हाई. भाऊ लई चिडंल. तिचा नंबर लागला की सांगतो." नंबर लागायच्या आधीच तो गेला.

मेसमध्ये माणूस गेला की काय करायचं याची आमच्याकडे एक रीत होती. घड्याळ, अंगठी, फोन, पाकीट, कागदपत्रं, फोटो हे कार्यालय ताब्यात घेतं आणि मोहोर लावून घरी पोचवतं. त्याला आम्ही हात लावत नाही. उरतात कपडे आणि बारीकसारीक वस्तू. त्या मेसमध्ये टेबलावर मांडायच्या आणि हर्रासी करायची. बोली लावायची, पैसे द्यायचे, वस्तू पुन्हा टेबलावर ठेवायची. मग तीच वस्तू दुसरा घेतो. कुणी काही घरी नेत नाही. मेलेल्याच्या बायकोला नुसती वर्गणी द्यायची तर ती भीक होते. त्याच्या मालाची किंमत म्हणून दिली तर तो त्याचा पैसा होतो. एवढाच त्यातला विचार. आणि सगळं संपल्यावर कपडे फाडून इंजिनखोलीत द्यायचे. तिथं सुती चिंधीला सोन्याची किंमत असते, तेलाचे हात कशाला तरी पुसावे लागतात. त्याच्याबरोबर पहारा केलेली माणसं त्या चिंध्या हातात घेतात. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

त्या रविवारी जहाज धक्क्याला होतं. बोली प्रमुखानं चालवली. सुरुवातीला बोली लागेना. मग त्यानं रबरी चपला उचलल्या आणि म्हणाला, "ये चप्पल इंजन रूम की गर्मी झेल चुकी है, तुम्हारे गाँव की सड़क क्या चीज़ है." एकानं पाचशे म्हटलं आणि गाडी सुरू झाली. त्या चपला सात वेळा विकल्या गेल्या. साबणाची वडी तीनशेला गेली. टोपीला चार हजार आले, ते प्रमुखानं स्वतः दिले, आणि टोपी परत ठेवताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दारातल्या अधिकाऱ्यांनी बुटाचा ब्रश दोन हजारांना घेतला, टेबलावर ठेवला आणि गेले. काहींनी फोनवरून माझ्या खात्यात टाकले, काहींनी रोख दिले. भांडारवाला म्हणून हिशेब माझ्याकडे. सगळ्यांच्या रकमा फळ्यावर लिहिल्या, दोघांनी बेरीज तपासली.

मेसचा नियम एकच होता. हा पैसा रोख न्यायचा आणि बायकोच्या हातात द्यायचा. बायको नसेल तर आईच्या. मधे कुणी नाही. हा नियम आधीच्या अनुभवांवरून झालेला होता, आणि ते अनुभव कसले असतील हे मला सांगायची गरज नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला रजा मिळाली. लातूरला एक दिवस थांबलो, नांदेडला बँकेतून पैसे काढले, भोकरची गाडी धरली. गावात शिरतानाच फलक दिसला. विजेच्या खांबाएवढा उंच. त्यावर त्याचा गणवेशातला फोटो छोटा, त्याच्या मोठ्या भावाचा हात जोडलेला फोटो मोठा, आणि मोठ्या अक्षरांत 'वीर शहीद'. मी तिथंच थांबलो. तो सुट्टीच्या दिवशी सायकलवर गेला. चांगला माणूस होता, काम चोख होतं. पण शहीद म्हणून त्याला उभा करायचा तर ज्यांनी खरोखर जीव दिला त्यांचं काय, आणि तो जसा होता तसा त्याचं काय? दुसरा फलक चौकात होता, तिसरा ग्रामपंचायतीसमोर. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती हे मला गाडीतच कळलं होतं.

घरी दहा-बारा माणसं बसलेली. वडील कोपऱ्यात, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मोठा भाऊ पांढऱ्या कपड्यांत मधोमध. चहा झाला. भावानं मला सगळ्यांना दाखवलं, "आपल्या वीराचे सोबती, नौदलाचे साहेब." मग मुद्द्यावर आला. चौकात अर्धपुतळा बसवायचा, गणवेश आणि टोपी काचेच्या पेटीत ठेवायची. गणवेश कुठं आहे?

मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवशी बोलायची इच्छाही नव्हती. मी हर्रासीची रीत पहिल्यापासून सांगितली. पैसे आणलेत हे सांगितलं. कपड्यांचं शेवटी काय झालं तेही सांगितलं.

आमच्या भागात हर्रासी म्हटलं की जप्ती आठवते. बँकेचा माणूस येतो, भांडी अंगणात मांडतो, शेजारी भाव करतात. मेलेल्याचे कपडे तर माणूस नदीला सोडतो नाही तर कुणाला देऊन टाकतो, विकत नाही. हे मला माहीत होतं. मी ह्याच मातीतला आहे. म्हणूनच मी पुन्हा सांगायला लागलो की हा तसला लिलाव नव्हे.

भावानं मला मधेच तोडलं. "म्हंजे माझ्या भावाच्या चड्ड्या तुम्ही बाजारात मांडल्या. अन् वर्दीचे पोतेरे केले. देशाच्या वर्दीचे."

मी म्हणालो, "पोतेरे न्हाई. त्याच्या सोबत्यांनी हात पुसले त्याला."

"तेच सांगून राहिलो मी. तेलाचे हात."

कुणी तरी मागून म्हणालं, आमच्या गावात कुत्रं मेलं तरी त्याचा असा बाजार करत न्हाईत. दोघे-तिघे हसले. हसणं ऐकून माझं डोकं फिरलं. ज्या माणसांनी आपल्या पगारातून चार हजार एका टोपीला दिले त्यांना ही माणसं हसत होती, ज्यांनी फलकाला वर्गणी म्हणून एकशे एक रुपया दिला असेल. पण काम बाकी होतं.

आणि मग तोच भाऊ, ज्याला ह्या पैशाची किळस आली होती, हात पुढे करून म्हणाला, "बरं, झालं ते झालं. पाकीट द्या इकडं. स्मारकाला लावू."

मी म्हणालो, "हे वहिनींच्या हातात द्यायचं आहे."

"घरचा कर्ता मी हाय. बाईमाणसाच्या हातात एवढी रक्कम द्यायची पद्धत न्हाई आमच्यात."

"आमच्यात तीच पद्धत आहे," मी म्हणालो. "इथं बोलवा त्यांना, सगळ्यांच्या समोर देतो, मोजून घ्या."

बोलवायची गरज पडली नाही. ती मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. डोक्यावरून पदर, थोरला दीर समोर म्हणून नजर खाली. मी पाकीट घेऊन उठलो. मला वाटलं, दिलं की संपलं. ती अगदी हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "भाऊजी, ते तुमच्याजवळच असू द्या. आज इथं घेतलं तर माझ्याजवळ राहणार न्हाई."

मेसच्या नियमात ह्यावर काही लिहिलेलं नव्हतं. बायकोच्या हातात द्यायचं, आणि बायको हात पुढे करत नव्हती. मी पाकीट धरून तसाच उभा राहिलो. माझ्या नोकरीत मी एक खिळासुद्धा हिशेबाबाहेर ठेवला नव्हता. आता परक्याचे ऐंशी हजार खिशात घालून, दहा माणसांच्या डोळ्यांदेखत, परत जायचं होतं.

भाऊ उठून उभा राहिला. आधी तो तिच्यावर ओरडला, मग माझ्याकडे वळला. "कळलं आता. साहेबांनी लांबून येऊन पैसे दाखवले, अन् परत घेऊन चालले. किती होते अन् किती उरले, कुणाला ठाऊक?" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, काय झालं. शेजाऱ्यानं त्याच्या कानात सांगितलं, हे साहेब पैसे खाऊन राहिले. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. भावाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते पाहणं मला जास्त लागलं.

मी पाकीट उघडलं, चटईवर बसून नोटा मोठ्यानं मोजल्या. मोजत असताना कुणी तरी मुद्दाम आकडे चुकवायला मधे मधे बोलत होतं. मी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. ८१,४५० झाले. एवढे आहेत, असं म्हणालो, पाकीट खिशात घातलं आणि निघालो. मागच्या दारानं येऊन ती घराच्या कडेला उभी होती; तिच्याकडे न बघता हळूच विचारलं, कुठं आणू? ती म्हणाली, सोमवारी नांदेडला. कॉलेजचं तिनं सांगितलं, आणि मला कळलं की नंबर लागला होता. प्रवेशाची मुदत बुधवारपर्यंत होती.

पुढचे तीन दिवस लातूरला मी नीट जेवलो नाही. भावाचे फोन आले. पहिल्यांदा धमकी दिली की वरती तक्रार करीन. दुसऱ्यांदा आवाज उतरला होता. अर्धे स्मारकाला द्या, अर्धे तिला द्या, आपण दोघं समजून घेऊ, असं म्हणाला. आपण दोघं! मी त्याला विचारलं, तीन फलकांना किती लागले? त्यानं फोन ठेवला. माझी बायको म्हणाली, एवढा ताप कशाला, पोस्टानं पाठवून द्या आणि मोकळे व्हा. तिला मी रागावून बोललो, जे तिच्या वाट्याचं नव्हतं. पण पोस्टानं पाठवलेला पैसा कुणाच्या हातात पडला असता हे तिलाही कळत होतं.

निवृत्तिवेतनाचे कागद तेव्हा फिरत होते, त्यांना महिने लागणार होते. त्या कागदांवर तिची सही हवी म्हणून घरचे तिला धरून होते, हे मला नंतर कळलं. हातात रोख असा तिचा एकच पैसा होता, तो माझ्या कपाटात.

सोमवारी सकाळी नांदेडला ती तिच्या आईबरोबर आली. माहेर बिलोलीकडचं. आदल्या दिवशी माहेरी म्हणून निघाली, ती परत सासरी जाणार नव्हती. रांगेत तिच्या पुढं सगळ्या बापाबरोबर आलेल्या मुली होत्या. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पालक कोण? तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. म्हणाली, "मीच." तो म्हणाला, पालकाची सही लागते. मग आईनं सही केली, मराठीत, वेळ लावून. तोवर मागच्या रांगेतून कुरकुर झाली आणि मी वळून त्यांना इतक्या जोरात गप्प बसा म्हणालो की पहारेकरी आला.

मी पाकीट तिच्या हातात दिलं, नियमाप्रमाणे. तिनं स्वतः मोजलं. मला ते आवडलं. मी तिला कपड्यांचं विचारलं नाही, तिनंच विचारलं. "डगलाबी फाडला का?" मी हो म्हणालो. तिनं पाकीट पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "त्यांच्याच खोलीत हाय ना पण." मी पुन्हा हो म्हणालो.

पुतळा झाला. निवडणुकीत भाऊ पडला. गावात अजूनही सांगतात की नौदलवाल्यानं लाखावर रक्कम आणली आणि बाईला फसवून निम्मी खाल्ली. कोण सांगतं हेही मला माहीत आहे. म्हणून पुन्हा लिहितो, ज्याला तपासायचं त्यानं तपासावं. कॉलेजला एक वर्षाची फी ५२,००० रुपये, पावती तिच्या नावावर. वसतिगृहाला अनामत आणि पहिल्या महिन्याची खानावळ मिळून ९,०००, पावती तिच्या नावावर. उरलेले २०,४५० रुपये रोख, तिच्या आईसमोर, तिच्याच हातात.